घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, मुंज, बारसे, घरचा गणपती, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांच्या जुन्या कॅसेटी डिस्कवर किंवा संगणकावर घेण्याविषयी जे प्रश्न सतत येत असतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांच्या कॅसेटीला बुरशी लागली आहे किंवा ज्यांची कॅसेट भिजली आहे, त्यांनी काहीही करण्यापूर्वी प्रश्न ७ आणि ८ वाचावेत.

१. आमची कॅसेट अजून व्यवस्थित चालते. मग आत्ताच डिजिटल करून घेण्याची घाई कशासाठी?

फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र उरले पाहिजे, आणि ते यंत्र आता नव्याने तयार होत नाही. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ अखेर उत्पादन थांबवले. त्यामुळे आज जे व्हीसीआर उपलब्ध आहेत ते सगळे जुने आहेत. त्यांची हेड, म्हणजे फीत वाचणारे भाग, झिजत चालली आहेत, रबरी पट्टे आणि रोलर कडक झाले आहेत आणि ते दुरुस्त करणारे कारागीर एकेक करून हे काम सोडत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत जे चुंबकीय फितीवरून डिजिटल होणार नाही त्यातले बहुतांश कायमचे हातचे जाईल. २०१९ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरच्या संग्रहांसाठी अशीच मोहीम सुरू झाली. मोठ्या संस्थांना जी चिंता वाटते ती घरच्या कपाटालाही लागू आहे.

दुसरे कारण खुद्द फितीचे. चित्र धरून ठेवणारे चुंबकीय कण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर एका बंधक थराने चिकटवलेले असतात आणि दमट हवेत तो थर ओलावा शोषून कमजोर होत जातो. भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी आली आणि त्याच दशकात लग्नाचे शूटिंग रुळले. म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कॅसेटींनी आता चाळीसएक पावसाळे पाहिले आहेत.

२. डीव्हीडीच करून घ्यावी की पेनड्राइव्हवर फाइल घ्यावी?

दोन्ही घ्यावे, पण आधी उच्च दर्जाची मूळ फाइल तयार करून घ्यावी आणि तिच्यावरून डीव्हीडी व पेनड्राइव्ह हे दोन्ही बनवावेत, असा आमचा ठाम सल्ला आहे. थेट डीव्हीडीवर उतरवलेले चित्रण एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले, म्हणजे कमी जागेत बसवलेले असते. पुढे त्यातला एखादा भाग कापायचा झाला, आवाज सुधारायचा झाला किंवा दुसऱ्या प्रकारची फाइल करायची झाली, की ते पुन्हा दाबावे लागते आणि प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो.

तरीही डीव्हीडीला आम्ही कालबाह्य मानत नाही. ज्या घरात आजीआजोबांना रिमोटचे एक बटण दाबून लग्न पाहायचे आहे तेथे ती फार सोयीची ठरते. शिवाय डिस्क चुकून पुसली जात नाही, उलट पेनड्राइव्हवरील फाइल घरातले कोणीही नकळत उडवू शकते. पेनड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे. वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्यासाठी त्यावर विसंबू नये.

३. माझ्याकडची कॅसेट नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे कसे ओळखावे?

आधी कॅसेटवर छापलेले चिन्ह पाहावे. ते पुसले गेले असेल तर पट्टी घेऊन लांबी मोजावी. साधारण १९ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद असलेली, पुस्तकाएवढी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. महाराष्ट्रातील घरांत सर्वाधिक हीच सापडते. तिच्याहून थोडी आखूड, सुमारे १५.५ सेंमी लांबीची असेल तर ती बीटामॅक्स असते आणि तिला वेगळे यंत्र लागते. गाण्यांच्या कॅसेटीएवढी पण जाड असेल तर ती व्हिडिओ-८, हाय-८ किंवा डिजिटल-८ यांपैकी एक असते. काडेपेटीहून थोडी मोठी असलेली कॅसेट म्हणजे मिनी डीव्ही (प्रश्न १२ पाहावा).

एक अपवाद नेहमी गोंधळात टाकतो. व्हीएचएस-सी ही हातात मावणारी छोटी कॅसेट आतून व्हीएचएसच असते आणि मोठ्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरवर चालते. यांतील अनेक अडॅप्टरना पेन्सिल सेल लागतो. तो वर्षानुवर्षे आतच राहून फुटलेला नाही ना, हे आधी पाहावे.

४. घरचा व्हीसीआर माळ्यावर पडून आहे. त्यात लगेच कॅसेट घालून पाहू का?

कृपया घालू नये. अनेक वर्षे बंद असलेल्या यंत्रात रबरी रोलर चिकट किंवा कडक झालेला असतो, वंगण गोठलेले असते आणि बाहेर आलेली फीत परत आत ओढून घेण्याची ताकद त्यात उरलेली नसते. अशा वेळी बटण दाबून कॅसेट बाहेर काढली की फितीचा लोळ आतच राहतो. कन्यादानाचा तेवढाच भाग चुरगळल्याचे दुःख कशानेही भरून निघत नाही.

आधी यंत्राचे झाकण काढून धूळ झटकावी. चित्र वाचणारे हेड एका चकचकीत गोल ड्रमवर बसवलेले असते आणि आपल्याकडच्या पाल या चित्रपद्धतीच्या (प्रश्न १३ पाहावा) यंत्रात तो ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. तो साफ करायचा तर यंत्राची वायर काढून ठेवावी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला, तंतू न सुटणारा मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला स्थिर टेकवून धरावा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने हळूहळू फिरवावा. चामडे वरखाली कधीही घासू नये, कारण हेडचे टोक केसासारखे नाजूक असते आणि तेवढ्याने तुटते. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही वापरू नयेत. त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात.

त्यानंतर ज्या कॅसेटची पर्वा नाही अशी एखादी जुनी कॅसेट पूर्ण चालवून, पुढे-मागे गुंडाळून पाहावी. ती सुरळीत चालली तरच घरची कॅसेट घालावी. यंत्र दुरुस्त करून घ्यायचे असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत चौकशीला सुरुवात करता येईल.

५. हे काम घरी करायचे असेल तर काय काय सामान लागते?

चालू स्थितीतील व्हीसीआर किंवा व्हीसीपी, पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांची एव्ही वायर, संगणकाला यूएसबीने जोडायचे व्हिडिओ कॅप्चर उपकरण आणि भरपूर जागा असलेली हार्ड डिस्क एवढ्यावर सुरुवात करता येते. पिवळे टोक चित्राचे असते, पांढरे व लाल आवाजाचे. जुन्या यंत्रांत आवाजाचे एकच भोक असेल तर त्यात पांढरे लावावे. अँटेनाच्या वायरीने टीव्हीला जोडतो तसे जोडू नये, त्यात चित्र विनाकारण खराब होते. एस-व्हिडिओचे गोल भोक यंत्रावर असल्यास पिवळ्याऐवजी ते वापरावे.

ओबीएस आणि व्हर्च्युअलडब ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. त्यांत पद्धत पाल, आकार ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी असे ठेवावे. पद्धत चुकून एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली, राहिली तर चित्र कृष्णधवल किंवा फाटलेले दिसते, आणि लोक कॅसेटच बिघडली असे समजतात. मूळ फाइल काहीही न गाळता दाबायची असेल तर ताशी साधारण ३० ते ४० जीबी जागा लागते, पाहण्यासाठीची एच.२६४ फाइल ताशी ३ जीबीच्या आसपास ठेवली तरी पुरते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. सिग्नल क्षीण झाला की निळा पडदा दाखवण्याची सोय अनेक व्हीसीआरमध्ये असते. मेनूमधून ती बंद करावी, कारण फितीचा खराब भाग आला की यंत्र निळा पडदा दाखवते आणि त्यामागे जे अंधुक चित्र अजून शिल्लक असते तेही आपल्या फाइलमध्ये येत नाही.

६. तीन तासांच्या कॅसेटला किती वेळ लागतो, आणि एका डीव्हीडीवर किती मावते?

तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. कॅसेट दुप्पट वेगाने चालवून उतरवण्याची सोय नाही. त्यात सुरुवातीची तपासणी, शेवटपर्यंत एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळणे आणि नंतरची पडताळणी धरावी. कोणी तासाभरात दहा कॅसेटी करून देतो म्हणाला, तर तितकी यंत्रे एकाच वेळी चालत आहेत का, असे विचारावे.

साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर उत्तम दर्जाचे एक तास आणि चांगल्या दर्जाचे दोन तास बसतात. चार किंवा सहा तासही कोंबता येतात, पण मग हालचालीच्या जागी चौकोनी ठिपके दिसू लागतात. वरातीत नाचणाऱ्या माणसांवर आणि अक्षता पडताना ते सर्वांत आधी लक्षात येते. म्हणून तीन तासांच्या, म्हणजे ई-१८० कॅसेटसाठी दोन डिस्क घ्याव्यात.

७. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरे डाग दिसतात. ती बुरशी आहे का, आणि ती कशी काढावी?

बहुधा बुरशीच असते. कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून पाहावे. निरोगी फितीच्या गुंडाळीची कड एकसारखी गडद आणि गुळगुळीत दिसते. बुरशी लागली असेल तर तिच्यावर पिठासारखे पांढरे ठिपके, कधी चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे दिसतात. मग कॅसेटच्या बाजूचे छोटे बटण दाबून पुढची झडप उचलावी आणि तेथून ताणून गेलेल्या फितीचा पृष्ठभागही पाहून घ्यावा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात, विशेषतः भिंतीला लागून असलेल्या कपाटातल्या कॅसेटींत, ही तक्रार फार आढळते.

अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, हे या संपूर्ण पानावरचे सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. बुरशीचा कण ड्रम आणि फीत यांच्यामध्ये आला की फितीवर कायमचा ओरखडा उमटतो, हेड बुजते, आणि त्याच यंत्रात नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही तिची लागण होते.

बुरशीची कॅसेट इतरांपासून वेगळी काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे ठेवावी, म्हणजे बुरशी सुकते आणि नंतर झटकली जाते. ऊन दाखवू नये. पापड-कुरडयांच्या वाळवणाशेजारी गच्चीवर कॅसेटी ठेवणारी घरे आहेत, पण उन्हाने प्लॅस्टिक आणि फीत दोन्ही आक्रसतात आणि मग चित्र सरळ राहत नाही. पुढची सफाई म्हणजे कवच उघडून कडेवरची सुकी बुरशी मऊ ब्रशने काढणे आणि केवळ याच कामासाठी राखून ठेवलेल्या यंत्रावर फीत कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडावरून हळूहळू गुंडाळणे. ती घराबाहेर, एन-९५ मास्क लावून करावी. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी त्या जागी थांबूही नये. फितीची सवय नसेल तर ही सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी, त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

८. पुराच्या पाण्यात कॅसेटी भिजल्या. आता काही उपयोग आहे का?

आहे, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ चे चिपळूण-महाड अशा पुरांनंतर घरातला चिखल काढताना फोटो वाळत घातले जातात, पण कॅसेटी सरसकट कचऱ्यात जातात. फीत प्लॅस्टिकची असते. थोडे दिवस पाण्यात राहिल्याने त्यावरचे चित्रण पुसले जात नाही. खरा धोका चिखल फितीवर वाळण्याचा असतो.

म्हणून चिखल वाळू देऊ नये. कॅसेट कवचातून बाहेर काढता येत असेल तर गुंडाळी तशीच ठेवून शुद्ध केलेल्या थंड पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने, हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, उभी ठेवून वाळवावी. लगेच धुणे शक्य नसेल तर स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवलेली बरी. हेअर ड्रायर, इस्त्री, ओव्हन आणि फ्रीजर यांतले काहीही वापरू नये. पूर्ण वाळण्याआधी ती यंत्रात घालू नये आणि वाळल्यावरही प्रश्न ७ मधील तपासणी करावी. कोणत्या कवचातून कोणती गुंडाळी काढली याची चिठ्ठी सोबत ठेवावी, नाहीतर पुढे थोरलीचे लग्न कोणते आणि धाकटीचे कोणते हे कळत नाही.

९. पडद्यावर मुंग्या येतात, पट्टे येतात, चित्र हलते. कॅसेट खराब झाली का?

दर वेळी नाही. संपूर्ण पडद्यावर मुंग्या आणि त्यात जेमतेम चित्र असे दिसत असेल तर बहुधा हेड बुजलेले असते. दुसरी चांगली कॅसेट घालूनही तसेच दिसले तर दोष यंत्राचा आहे आणि प्रश्न ४ मधील सफाईने तो जातो. मुंग्यांचा आडवा पट्टा वर किंवा खाली सरकत असेल तर ट्रॅकिंगचे बटण सावकाश फिरवून तो पडद्याबाहेर घालवता येतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली गेली त्याची आणि आपल्या यंत्राची बैठक थोडी वेगळी असते, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या यंत्रावर मुळीच न जमलेली कॅसेट दुसऱ्या यंत्रावर स्वच्छ चालते, म्हणून हार मानण्यापूर्वी निदान दोन यंत्रे तरी पाहावीत.

चित्राची वरची कड वाकणे किंवा उभ्या रेषा लहरणे यावर टाइम बेस करेक्टर हे उपकरण उपाय करते. काही उच्च दर्जाच्या एस-व्हीएचएस यंत्रांत ते आतच असते. क्षणभर चमकून जाणाऱ्या पांढऱ्या आडव्या रेघा मात्र फितीवरचा थर निघाल्याच्या खुणा असतात आणि त्या पूर्णपणे जात नाहीत. चित्राच्या अगदी तळाशी दिसणारी फाटल्यासारखी अरुंद पट्टी हा दोषच नव्हे. प्रत्येक व्हीएचएस कॅसेटवर ती असते, पूर्वीच्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची. मूळ फाइलमध्ये ती तशीच ठेवावी.

१०. फीत तुटली आहे किंवा यंत्रात अडकून चुरगळली आहे. आता काय करावे?

अडकलेली फीत ओढू नये आणि कापूही नये. यंत्राची वायर काढून, झाकण उघडून ती रोलरवरून सोडवावी. तुटलेली फीत जोडता येते. व्हीएचएस कॅसेटचे कवच पाच स्क्रूंनी बंद केलेले असते, ते काढण्यापूर्वी आतल्या मांडणीचा फोटो काढून ठेवावा, कारण स्प्रिंग आणि छोट्या पिना उडून जातात. जोडासाठी खास स्प्लायसिंग टेप मिळते, ती फितीच्या मागच्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूला लावावी. साधी सेलोटेप लावू नये. तिचा डिंक पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरतो. जोडाचा भाग हेडवरून नेणे धोक्याचे असल्याने जोडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगवेगळा उतरवून फाइली संगणकावर जोडाव्यात. चुरगळलेला भाग बोटांनी सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

११. चित्र ठीक आहे, पण आवाज दबका येतो किंवा फक्त गाणीच ऐकू येतात. मूळ आवाज मिळेल का?

साध्या व्हीएचएसचा आवाज फितीच्या कडेने जाणाऱ्या अरुंद पट्ट्यावर भरलेला असतो. पाल कॅसेट सेकंदाला जेमतेम २.३४ सेंमी सरकते, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटीच्या निम्म्याहूनही कमी वेगाने, त्यामुळे तो आवाज मुळातच दबका असतो. हाय-फाय प्रकारच्या यंत्रांत मात्र आवाज चित्राबरोबरच फिरत्या ड्रमने भरला जातो आणि तो कितीतरी स्वच्छ असतो.

येथे एक आशेची जागा आहे. नंतर चढवलेले गाणे अनेकदा कडेच्या पट्ट्यावरच भरलेले असते आणि त्याखालचा हाय-फाय आवाज शाबूत राहतो. मूळ चित्रण हाय-फाय यंत्रावर झाले असेल आणि आपल्या हातात प्रत नसून तीच फीत असेल, तर हाय-फाय व्हीसीआरवर आवाजाची निवड बदलून पाहावी. शहनाईच्या रेकॉर्डऐवजी मांडवातल्या बायकांनी घेतलेले उखाणे ऐकू येऊ शकतात. मिक्सिंग करून दिलेल्या प्रतीत ही शक्यता नसते. अशा वेळी मिक्सिंगपूर्वीची कॅसेट शूटिंगवाल्याकडे किंवा नातेवाइकांकडे आहे का, याची चौकशी करावी. चित्र धूसर असले तरी चालते, पण गेलेल्या माणसाचा आवाज फोटोत मिळत नाही. म्हणून ध्वनी वाचवण्यासाठी थोडी जास्त खटपट करावी असे आम्हाला मनापासून वाटते.

आवाज एकाच स्पीकरमधून येत असेल तर तो दोष नाही. एकेरी आवाज संगणकावर दोन्ही बाजूंना देता येतो. खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाइलवर नव्हे.

१२. मिनी डीव्ही कॅसेट मुळातच डिजिटल आहे. तिलाही रूपांतर लागते का?

चित्र डिजिटल आहे, पण ते फितीवर आहे, त्यामुळे बुरशी, ओलावा आणि यंत्रांची टंचाई हे सगळे तिलाही लागू होते. फरक एवढाच की ती पिवळ्या वायरीने उतरवू नये. कॅमेऱ्याला फायरवायरचे छोटे भोक असते. त्यातून संगणकात घेतल्यास फितीवरचे आकडे जसेच्या तसे येतात आणि दर्जात काहीही घट होत नाही. त्यासाठी ताशी सुमारे १३ जीबी जागा लागते. फायरवायरचे भोक नव्या संगणकांवर येत नाही, म्हणून जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉपमध्ये बसवायचे कार्ड शोधावे लागते. डिजिटल-८ कॅसेटलाही हेच लागू आहे.

१३. अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेली कॅसेट आमच्या व्हीसीआरवर नीट दिसत नाही. का?

अमेरिका, कॅनडा आणि जपान येथे एनटीएससी पद्धत होती: ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चौकटी. भारतात पाल: ६२५ रेषा आणि २५ चौकटी. नुसत्या पाल यंत्रावर अमेरिकेची कॅसेट चुकीच्या वेगाने चालते. काही व्हीसीआर एनटीएससी कॅसेट पाल टीव्हीवर दाखवतात, पण ती तडजोड असते आणि संगणकाचे उपकरण तो मिश्र सिग्नल बहुधा ओळखत नाही. कॅसेट एनटीएससी यंत्रावर चालवून ७२० × ४८० आकारात उतरवावी आणि डीव्हीडीही एनटीएससीच करावी. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर ती चालवतात. बहीण अजून तेथेच असेल तर तिकडेच डिजिटल करून फाइल मागवणे सर्वांत सोपे. दुबई किंवा मस्कतहून आलेल्या कॅसेटी साधारणतः पालच असतात.

१४. टीव्हीवर डीव्हीडी छान दिसते, पण संगणकावर हलणाऱ्या वस्तूंना कंगव्यासारखे दाते का येतात?

कॅसेटची प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची असते. आधी विषम रेषा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम रेषा. संगणक दोन्ही एकदम दाखवतो तेव्हा दाते दिसतात. डीव्हीडीसाठी चित्रण तसेच, म्हणजे इंटरलेस्ड, ठेवावे. मोबाइलसाठीची फाइल करताना डीइंटरलेस करावे, आणि तेव्हा २५ ऐवजी सेकंदाला ५० चौकटी ठेवाव्यात, म्हणजे हालचालीतला ओघ टिकतो. डीव्हीडीवर चित्र पुढे-मागे थरथरत असेल तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा निवडला गेलेला असतो. डीव्ही फितीचा क्रम इतरांच्या उलट असल्याने ही गफलत तेथे हमखास होते.

१५. पूर्वीच लग्नाच्या कॅसेटची व्हीसीडी करून घेतली होती. आता पुन्हा काही करायची गरज आहे का?

मूळ कॅसेट असेल तर जरूर पुन्हा करून घ्यावे. व्हीसीडीत ३५२ × २८८ एवढेच चित्र मावते आणि अर्धी चित्रे टाकून दिलेली असतात, त्यामुळे कॅसेटवरच्या तपशिलाचा मोठा भाग त्यात आलेलाच नसतो. कॅसेट उरली नसेल तर व्हीसीडी हीच मूळ प्रत समजावी. ती पुन्हा टीव्हीवर चालवून उतरवू नये. संगणकात घालून ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधील ‘डॅट’ फाइली थेट हार्ड डिस्कवर घ्याव्यात. डीव्हीडी असल्यास ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर पूर्ण घ्यावे. ओरखड्यांमुळे एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो.

१६. एआय सॉफ्टवेअर वापरून जुने लग्न फोर-के करता येते असे ऐकले. करून घ्यावे का?

व्हीएचएसवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांएवढाच तपशील असतो. सॉफ्टवेअर चित्र मोठे करते तेव्हा नसलेला तपशील ते अंदाजाने भरते. दूरवर उभ्या असलेल्या आत्याच्या चेहऱ्यावर मग दुसऱ्याच कुणाचे डोळे येतात. हौस म्हणून वेगळी प्रत करायला हरकत नाही, पण जपून ठेवण्याची प्रत फितीवर जे होते तीच असावी. त्याचप्रमाणे ४:३ चे चित्र रुंद टीव्हीसाठी ताणू नये. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत.

१७. दुकानात काम द्यायचे असेल तर काय विचारून घ्यावे?

मूळ फाइल मिळेल का की फक्त डीव्हीडी, हे सर्वांत आधी विचारावे. एका डिस्कवर किती तास भरणार, बुरशी लागलेल्या कॅसेटी वेगळ्या यंत्रावर हाताळता का, काम तेथेच होते की कॅसेटी दुसऱ्या शहरात पाठवल्या जातात, आणि फाइली किती दिवस जपून ठेवता, हेही विचारावे. आधी एकच, कमी महत्त्वाची कॅसेट देऊन निकाल पाहावा. सगळ्या कॅसेटींचे फोटो आणि क्रमांक स्वतःकडे ठेवावेत. व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेवरील प्लॅस्टिकची छोटी चकती शाबूत असेल तर ती देण्यापूर्वी मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी काही पुसले जाणार नाही.

१८. केलेली डिस्क किती वर्षे टिकते आणि ती कशी ठेवावी?

घरी लिहिलेल्या डिस्कचा माहितीचा थर सेंद्रिय रंगाचा असतो आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो फिका पडतो, त्यामुळे नेमकी वर्षे सांगण्यापेक्षा दर दोन-तीन वर्षांनी ती संगणकात पूर्ण वाचून पाहावी हे बरे. चांगल्या प्रतीची डीव्हीडी-आर घ्यावी, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू घेऊ नये, लिहिण्याचा वेग मध्यम ठेवावा आणि शेवटी फायनलाइझ करायला विसरू नये, अन्यथा ती इतर प्लेअरवर चालत नाही. वर कागदी लेबल चिकटवू नये. डिस्कसाठीच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. ती उभी, डबीत ठेवावी. डिस्कशिवाय दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत असावी आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी असावी. प्रश्न ८ मधील पूर आठवला की याचे कारण सांगावे लागत नाही.

१९. सगळे डिजिटल झाल्यावर मूळ कॅसेटी टाकून द्याव्यात का?

लगेच टाकू नयेत. फाइल अथपासून इतिपर्यंत पाहून, आवाज आणि चित्र बरोबर जुळल्याची खात्री झाल्यावरही, जागा असेल तोवर त्या ठेवाव्यात. उद्या अधिक चांगले यंत्र हाती लागले तर पुन्हा उतरवता येतील. पूर्ण गुंडाळून, उभ्या, खोक्यात, स्पीकर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

२०. लग्नाची फाइल यूट्यूबवर टाकली तर आवाज बंद केला गेला. चित्रण आमचे असताना असे का?

चित्रण आपले, पण त्यावर चढवलेले चित्रपटगीत आपले नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या अशा चित्रणाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते करवून घेणारा असतो. गाण्याचे हक्क मात्र संगीत कंपनीकडे राहतात आणि यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा गाणे ओळखून आवाज बंद करते किंवा व्हिडिओ अडवते. नातेवाइकांना दाखवायचे असेल तर क्लाउडवरील फाइलचा दुवा पाठवणे सोयीचे. सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी चित्रणातल्या माणसांना विचारावे. ज्यांचा संसार पुढे मोडला, त्यांच्या लग्नाची फीत जाहीर करण्याचा अधिकार वऱ्हाडी मंडळींना नसतो.

२१. घरचीच कॅसेट आहे, तरी संगणक ‘कॉपी संरक्षित’ असे सांगून थांबतो. असे का होते?

विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटींत नक्कल रोखण्यासाठी मॅक्रोव्हिजन नावाचा बिघडवलेला सिग्नल भरलेला असे. झिजलेल्या घरगुती फितीचा डळमळीत सिग्नल काही कॅप्चर उपकरणांना तसाच वाटतो. टाइम बेस करेक्टर मध्ये जोडला किंवा दुसऱ्या बनावटीचे उपकरण वापरले की अडचण दूर होते. खरोखरच्या चित्रपट कॅसेटींच्या प्रती मात्र काढू नयेत.

२२. कॅसेटमध्ये गावाचे किंवा एखाद्या सार्वजनिक प्रसंगाचे चित्रण आहे. ते कोणाला द्यावे?

घरगुती चित्रणाचे मोल घराबाहेरही असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापूर्वी किल्लारी परिसरात झालेल्या एखाद्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरीच्या मागे जे वाडे, गल्ल्या आणि ओटे दिसतात, ते आज जागेवर जाऊन पाहता येत नाहीत. गिरणगावातल्या चाळींच्या गणेशोत्सवाचे, बंद पडलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांचे किंवा एखाद्या तमाशाच्या फडाचे चित्रणही असेच आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, परंतु त्याचा मुख्य भर चित्रपटांवर असल्याने आधी गावातले सार्वजनिक वाचनालय, इतिहास मंडळ किंवा जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग यांच्याशी बोलावे. मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवून फाइलची प्रत द्यावी. तिच्यासोबत एका कागदावर गाव, वर्ष, प्रसंग आणि चित्रणात कोण कोठे दिसते हे लिहून द्यावे. ते सांगू शकणारी वडीलधारी मंडळी घरात असतील तर त्यांच्याशेजारी बसून, फाइल थांबवत थांबवत, ही नोंद आधी पूर्ण करून घ्यावी.